सड्यावरचे फोटो किती? टर्मिनलला विचारायची रीत

मामांचा फोन आला तेव्हा मी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर होतो. "अरे, एकाच फोल्डरची तीन उत्तरं येतायत मला. ९, १९२३ आणि २०९१. यातलं खरं कुठलं?"

तिन्ही खरी होती आणि मामांना हवं असलेलं एकही नव्हतं. असं का झालं, हेच आज सांगायचं आहे.

मामा निवृत्त शिक्षक, राहतात राजापूर तालुक्यात. गेली काही वर्षं ते सडे, म्हणजे कोकणातली उघड्या कातळाची पठारं, पालथे घालून कातळशिल्पांचे फोटो काढतात. कोकणातल्या ९ ठिकाणांची नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. ७ रत्नागिरी जिल्ह्यात, १ सिंधुदुर्गात आणि १ गोव्यात. तेव्हापासून मामांचा उत्साह दुप्पट झाला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सातही गावांचे त्यांनी फोल्डर केलेत: उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे. प्रत्येकाच्या आत पुन्हा दोन, 'पहाट' आणि 'सांज'. कातळात कोरलेली रेघ भर दुपारी दिसतच नाही, ऊन तिरपं हवं, म्हणून ही वाटणी. गावच्या वाचनालयात पडद्यावर दाखवायचं ठरलं आणि त्यांना आकडा हवा झाला. फोटो एकूण किती, गावागणिक किती.

त्यांचा लॅपटॉप म्हातारा. विंडोज त्यावर रांगत होतं, म्हणून मी लिनक्स घालून दिलं. त्यातली काळी खिडकी, म्हणजे टर्मिनल, मामांना भलतीच आवडली. घरात मोबाइलची रेंज फक्त पडवीच्या एका टोकाला येते, त्यामुळे स्क्रीन दाखवणं वगैरे शक्य नाही. सगळ्या आज्ञा मी फोनवर तोंडी सांगितल्या आणि इथेही तशाच लिहितोय. जिथे स्वल्पविराम आहे तिथे स्पेसबार दाबायचा. जिथे जोडरेघ आहे तिथे सगळं चिकटून. 'डॅश' म्हटलं की मात्र उणेचं चिन्ह खरोखर टाइप करायचं. आज्ञेतले शब्द इंग्रजी कीबोर्डवर, लहान लिपीत. गावांची आणि फायलींची नावं मात्र जशी ठेवलीत तशीच.

पुकारणारा आणि रेघा ओढणारा

आंब्याच्या पेट्या टेम्पोत चढताना एकजण पुकारतो, दुसरा वहीत रेघा ओढतो. वहीवाल्याचं तोंड बहुतेक वेळा टेम्पोकडे नसतंच. तो पेट्या मोजत नाही, हाका मोजतो. पुकारणाऱ्याने मध्येच "अरे पाणी दे" म्हटलं आणि त्याचीही रेघ पडली, तर चूक वहीवाल्याची नव्हे.

टर्मिनलमध्ये फायली मोजणं म्हणजे नेमकं हेच. मोजणाऱ्याचं नाव डब्ल्यूसी. हे 'वर्ड काउंट'चं लघुरूप, पण पुढे 'डॅश-एल' लावलं की तो फक्त ओळी मोजतो. त्याला फाइल म्हणजे काय हे ठाऊक नाही. पुकारणारे दोन: एलएस आणि फाइंड. दोघेही फोल्डरात काय काय आहे त्याची नावं सांगतात. पुकारणाऱ्याचा आवाज मोजणाऱ्यापर्यंत नेते ती उभी रेघ, तिला पाइप म्हणतात.

पाइप समजायला आपल्याकडे फार लांब जायला नको. पोफळीच्या बागेत एका पन्हळीच्या तोंडाशी दुसरी पन्हळ लावून पाणी पुढे नेतात, तसंच हे. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की बागेतल्या नळीला नळी जोडावी तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ते युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजात, प्रत्यक्षात आणलं. उभी रेघ आपण वापरतो ती तिथली.

आता मामांचे तीन आकडे.

पहिला: एलएस, पाइप, डब्ल्यूसी, डॅश-एल

उत्तर ९. एलएस फक्त उंबऱ्याच्या आत डोकावतो, खोल्यांत जात नाही. सात गावं आणि बाहेरच ठेवलेल्या दोन फायली, एक नोंदवही आणि एक 'मुखपृष्ठ' नावाचा फोटो. झाले ९. (इथे कुणी एलएसला स्वतःचं डॅश-एल लावलं तर उत्तर १० येईल, कारण त्या सविस्तर यादीच्या डोक्यावर 'टोटल'ची एक ओळ असते. वहीवाला तिचीही रेघ ओढतो.)

दुसरा: एलएस, डॅश-आर, पाइप, डब्ल्यूसी, डॅश-एल

इथला आर मोठ्या लिपीतला. याने एलएस सगळ्या खोल्या फिरतो, पण प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून खोलीचं नाव पुकारतो आणि दोन खोल्यांच्या मध्ये एक ओळ कोरी सोडतो. मामांकडे वरच्या फोल्डरसकट २२ फोल्डर. म्हणजे २२ मथळे आणि २१ कोऱ्या ओळी, ४३ रेघा फुकटच्या. १९२३ मधून ४३ गेले, उरले १८८०. त्यातही २१ आतले फोल्डर आहेत, फोटो नाहीत, आणि नोंदींच्या फायली आहेत त्या वेगळ्याच.

तिसरा: फाइंड, डॉट, पाइप, डब्ल्यूसी, डॅश-एल

डॉट म्हणजे 'आत्ता मी आहे तो फोल्डर'. फाइंड मथळे पुकारत नाही, कोरी ओळ सोडत नाही, प्रत्येक गोष्टीची एकच ओळ देतो. मोजायच्या कामाला हाच गडी बरा. पण तो जे दिसेल ते पुकारतो: फायली, फोल्डर, लपलेल्या फायली, आणि आपण ज्या डॉटवर उभे आहोत तो डॉटसुद्धा. म्हणून २०९१.

"म्हणजे त्याला आधी सांगायला हवं, काय मोजायचं ते," मामा म्हणाले. हो. एवढंच.

चाळण लावताना

फक्त फायली हव्यात तर डॅश-टाइप, एफ. फक्त फोल्डर हवेत तर डॅश-टाइप, डी. नावावरून निवडायचं तर डॅश-नेम आणि पुढे नमुना. नमुन्यातला स्टार म्हणजे 'इथे काहीही चालेल'. फोटोच्या फाइलचं आडनाव, म्हणजे नावातल्या डॉटनंतरचा भाग, जेपीजी, म्हणून नमुना स्टार-डॉट-जेपीजी. मामांनी लिहिलं:

फाइंड, डॉट, डॅश-टाइप, एफ, डॅश-नेम, स्टार-डॉट-जेपीजी, पाइप, डब्ल्यूसी, डॅश-एल

उत्तर आलं १.

यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली.

हा सापळा चांगल्या चांगल्यांना लागतो, म्हणून जरा थांबतो इथे. आपण टाइप केलेली ओळ थेट फाइंडकडे जात नाही. मध्ये शेल नावाचा एक मध्यस्थ असतो आणि स्टार दिसला की त्याचे हात शिवशिवतात. तो आत्ताच्या फोल्डरात बघतो, नमुन्यात बसणारी नावं काढतो आणि स्टारच्या जागी ती ठेवून मगच ओळ पुढे देतो. मामांच्या वरच्या फोल्डरात जेपीजी एकच होता, 'मुखपृष्ठ'. त्यामुळे फाइंडला निरोप मिळाला तो 'मुखपृष्ठ-डॉट-जेपीजी शोध' असा. त्याने इमानेइतबारे शोधला आणि सापडला एक. तिथे असे दोन फोटो असते तर फाइंडने निदान तक्रार केली असती. एकही नसता तर शेलने बहुधा स्टार तसाच पुढे दिला असता आणि उत्तर बरोबर आलं असतं. म्हणजे तीच आज्ञा एका दिवशी चालते, दुसऱ्या दिवशी ओरडते आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप चुकीचं सांगते. शेवटचं सगळ्यांत वाईट.

उपाय सोपा. नमुना सिंगल कोटात टाका. कोटातलं शेल उघडून बघत नाही. मामांनी कोट घातले, उत्तर आलं १२०४.

"कमी आहेत रे. कॅमेऱ्याचे कुठे गेले?"

कॅमेरा आडनाव मोठ्या लिपीत लावतो, मोबाइल लहान लिपीत. लिनक्सला हे दोन वेगळे. डॅश-नेमच्या ऐवजी डॅश-आयनेम घेतलं की लहानमोठं सारखंच धरतो. आयनेमने २०३२ आले.

आता जास्त झाले. मोबाइलचे १२०४, आणि कॅमेऱ्याच्या कार्डावर मामांनी वहीत लिहून ठेवलेले ६१८. बेरीज १८२२ व्हायला हवी. वरचे २१० कोण?

यादीच बघू म्हटलं. मोजणारा काढून टाकला, नुसती नावं पुकारू दिली. (आकडा खटकला की पाइपपुढचं सगळं खोडायचं आणि यादी डोळ्याखालून घालायची. ही सवय सगळ्या युक्त्यांपेक्षा मोठी.) मामा वाचू लागले, "डॉट, खालची रेघ, मग फोटोचं नाव. बारसूत सगळे." ते ऐकल्यावर उलगडलं. बारसूचे कॅमेऱ्याचे २१० फोटो मामांच्या एका स्नेह्याच्या मॅकवरून हार्डडिस्कवर आले होते. विंडोजला चालेल अशा पद्धतीने तयार केलेल्या डिस्कवर मॅक फाइल ठेवतो, तेव्हा बऱ्याचदा शेजारी एक छोटी सावली-फाइल सोडतो. तिचं नाव मूळ फाइलचंच, फक्त पुढे डॉट आणि खालची रेघ. आडनावही तेच, म्हणून ती आपल्या नमुन्यात बसते. डॉटने सुरू होणारं नाव एलएस दाखवत नाही, फाइंड मात्र बिनदिक्कत पुकारतो.

मग आज्ञा अशी झाली:

फाइंड, डॉट, डॅश-टाइप, एफ, डॅश-आयनेम, 'स्टार-डॉट-जेपीजी', डॅश-नॉट, डॅश-नेम, 'डॉट-खालचीरेघ-स्टार', पाइप, डब्ल्यूसी, डॅश-एल

१८२२. वहीशी जुळलं.

याच जातीची आणखी एक गंमत. हार्डडिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर उभं राहून मोजलंत तर कचरापेटीतले फोटोही मोजले जाऊ शकतात. लिनक्स पुसलेल्या फायली त्याच डिस्कवर डॉटने सुरू होणाऱ्या एका लपलेल्या फोल्डरात ठेवतो आणि फाइंडला तो नुसता एक फोल्डर वाटतो.

फोल्डर मोजताना एक वजा

फोल्डरांचा हिशेब छोटा आहे. डॅश-टाइप, डी देऊन मामांना २२ मिळाले, बोटांवर मोजून २१. जास्तीचा एक म्हणजे डॉट स्वतः. फाइंड, डॉट यांच्या लगेच पुढे डॅश-मिनडेप्थ, १ घातलं की तो गळतो. फक्त वरची गावं हवीत, आतली 'पहाट-सांज' नकोत, तर जोडीला डॅश-मॅक्सडेप्थ, १. उत्तर ७. ही दोन खोलीची बंधनं टाइप आणि नेमच्या आधी लिहावीत, नाहीतर लिनक्सचा फाइंड कुरकुर करतो. 'सांज' नावाचेच फोल्डर किती, तर डॅश-टाइप, डी, डॅश-नेम, 'सांज'. तेही ७.

देवनागरी नावांचं दुखणं

इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांमध्ये हे सापडत नाही, आणि आपल्याला तर रोज लागतं.

मामा फोटोंबरोबर टिपणंही ठेवतात. सड्यांवर चिरेखाणी वाढतायत, त्याची नोंद म्हणून त्यांच्या बऱ्याच टिपणांचं नाव 'चिऱ्याची-खाण' आणि पुढे आकडा. 'चिऱ्या-स्टार' असं शोधलं तर निम्मीच टिपणं आली. डोळ्यांना नावं तंतोतंत सारखी. पण 'चिऱ्या'तला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांकांत, एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साध्या र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दिसतं एकच. मोबाइलचा कीबोर्ड एक वाट घेतो, लॅपटॉपचा दुसरी. फाइंड आकृती बघत नाही, आतले संकेतांक बघतो, म्हणून त्याच्या लेखी ही दोन निराळी नावं. दुखऱ्या अक्षराला वळसा घालायचा: 'चि-स्टार-खाण-स्टार'. सगळी आली.

प्रश्नचिन्हाचंही तसंच. नमुन्यात प्रश्नचिन्ह म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'. उक्षी दोन अक्षरी म्हणून दोन प्रश्नचिन्हं द्याल तर फसाल. यंत्राच्या हिशेबात उक्षी म्हणजे उ, क, हलन्त, ष, आणि दीर्घ वेलांटी. पाच. आणि डिस्कवर साठवताना या प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे १५. बाराखडी शिकवणाऱ्या गुरुजींना हे पटवताना माझी पुरेवाट झाली. आकड्यांचं तर विचारूच नका: चौकटी कंसात ० ते ९ हे इंग्रजी अंक देऊन शोधलं तर नावातले देवनागरी १, २, ३ सापडतील असं धरून चालू नये.

गावागणिक

आता मामांचा खरा प्रश्न. फाइंड प्रत्येक फोटोचा पूर्ण पत्ता पुकारतो: डॉट, स्लॅश, बारसू, स्लॅश, सांज, स्लॅश, फोटोचं नाव. स्लॅशवर तुकडे केले तर दुसरा तुकडा म्हणजे गाव. म्हणून मघाच्याच आज्ञेतला डब्ल्यूसी काढायचा आणि पुढे तीन पन्हळी जोडायच्या:

पाइप, कट, डॅश-डी-स्लॅश, डॅश-एफ-२, पाइप, सॉर्ट, पाइप, युनिक, डॅश-सी

(युनिकचं स्पेलिंग यू, एन, आय, क्यू. तिथेच थांबायचं.)

कट गावाचं नाव तेवढं ठेवतो. १८२२ ओळी, नुसती गावांची नावं. सॉर्ट सारखी नावं एकाखाली एक आणतो. युनिक लागोपाठ आलेल्या सारख्या ओळींची एक करतो, आणि डॅश-सी असेल तर किती होत्या तो आकडा पुढे लिहितो. लागोपाठ हा शब्द महत्त्वाचा. मध्ये सॉर्ट विसरलात तर एकच गाव चार ठिकाणी वेगवेगळ्या आकड्यांनी दिसेल. 'देवाचे गोठणे'तली मधली मोकळी जागा इथे आड येत नाही, कारण तुकडे स्लॅशवर पडतात.

मामांनी एंटर मारलं आणि आठ ओळी आल्या. आठवं गाव होतं 'मुखपृष्ठ-डॉट-जेपीजी', लोकसंख्या १. बाहेर ठेवलेला तो फोटो गाव होऊन बसला होता. डॅश-मिनडेप्थ, २ घातल्यावर गेला. उरले १८२१.

नावाऐवजी खडा

एक शक्यता राहिली. फाइलच्या नावातच कुणी एंटर दाबलेलं असेल तर? तसं नाव लिनक्सला चालतं. मग एका फाइलच्या दोन ओळी, आणि वहीवाल्याच्या दोन रेघा. साध्या घरगुती फोल्डरात असं फारसं होत नाही, पण इतरांनी पाठवलेल्या फायलींत काय असेल ते सांगता येत नाही. माझे आजोबा नारळ मोजताना शंभर झाले की एक खडा बाजूला टाकत. इथे प्रत्येक फाइलला एक खडा टाकायचा, नाव पुकारायचंच नाही: फाइंडच्या शेवटी डॅश-प्रिंटएफ, एक्स आणि मोजताना डब्ल्यूसी, डॅश-सी. फाइंड दर फाइलमागे एक एक्स टाकतो, डब्ल्यूसी ओळींऐवजी बाइट मोजतो. नाव कितीही वेडंवाकडं असो. मॅकच्या फाइंडमध्ये प्रिंटएफ नाही, तिथे ही आज्ञा चालत नाही.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात. जुन्या काळ्या खिडकीत डीर, स्लॅश-एस, स्लॅश-बी, स्लॅश-ए-डॅश-डी, स्टार-डॉट-जेपीजी, पाइप, फाइंड, स्लॅश-सी, स्लॅश-व्ही आणि शेवटी रिकामे डबल कोट. तिथला फाइंड वेगळाच गडी आहे हो, नाव फक्त तेच; तो मजकूर शोधतो आणि इथे ओळी मोजायला बसवलाय. पॉवरशेल या नव्या खिडकीत मात्र गेट-डॅश-चाइल्डआयटम, डॅश-रिकर्स, डॅश-फाइल, डॅश-फिल्टर, 'स्टार-डॉट-जेपीजी', पाइप, मेझर-डॅश-ऑब्जेक्ट. इथे पन्हळीतून नावं वाहत नाहीत, खुद्द फायलींच्या नोंदी वाहतात, त्यामुळे ओळींचा घोळच उरत नाही. युनिक्सच्या माणसाने हे मान्य करायला जड जातं, पण या एका बाबतीत ते सरस आहे. लपलेल्या फायलीही हव्या असतील तर डॅश-फोर्स.

आणि नावात नव्हे, आतल्या मजकुरात शब्द शोधायचा तर ग्रेप. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब, तेव्हा मामांच्या टिपणांत त्याचा उल्लेख जागोजागी. किती टिपणांत? ग्रेप, डॅश-आरएल, 'हत्ती', डॉट, पाइप, डब्ल्यूसी, डॅश-एल. इथला आर आणि एल लहान लिपीतले. एल म्हणजे शब्द सापडलेल्या फाइलचं नाव एकदाच सांग. त्याजागी डॅश-सी द्याल तर प्रत्येक फाइलमध्ये किती ओळी जुळल्या ते येईल, फायली किती ते नाही. आणि मामांची नोंदवही ओडीटी आहे, म्हणजे आतून दाबून बांधलेलं गाठोडं. तिच्यात पानोपानी हत्ती असला तरी ग्रेपला दिसत नाही.

संध्याकाळी मामांचा पुन्हा फोन. त्यांनी कागदावर उतरवून घेतलं होतं आणि वाचून दाखवत होते. "उक्षी २३६. कशेळी १८७. जांभरूण ३४२. देवाचे गोठणे २९४. देवीहसोळ २६८. बारसू ४५३. रुंढे तळी ४१." मग थांबले. "रुंढे तळीचे ४१च?"

मी म्हटलं, रिकामा फोल्डर आहे का बघा. फाइंड, डॉट, डॅश-टाइप, डी, डॅश-एम्प्टी. पाइप नको, मोजायचं नाहीये, बघायचंय.

एकच ओळ आली. रुंढे तळी, स्लॅश, सांज.

"बरोबर," मामा म्हणाले. "त्या दिवशी शेवटची एसटी चुकेल म्हणून चारलाच निघालो होतो. आता गवत वाळलं की जाऊ. तू गाडी घेऊन ये."